फाइलचा बिनतारी प्रवास

समजा तुमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन भरले. तुमच्या गटाने तयार केलेल्या प्रतिकृतीचे वीस-पंचवीस फोटो एका मैत्रिणीने तिच्या अब्बांच्या मोबाइलवर काढले. त्यांतले चार फोटो आता अहवालात लावायचे आहेत आणि अहवाल लिहिला आहे शाळेच्या संगणकावर. मोबाइल टेबलावर आहे, संगणकही त्याच टेबलावर आहे. दोघांत अंतर हातभर. पण दोघांना जोडणारी तार कोणाकडेच नाही. अशा वेळी बहुतेक जण काय करतात? फोटो स्वतःलाच ई-मेलने पाठवतात, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, आणि मग संगणकावर पुन्हा उतरवून घेतात. काम होते. पण त्या फोटोंनी कोणता रस्ता धरला, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का?

तो रस्ता फार लांबचा असतो. मोबाइलमधून निघालेला फोटो आधी जवळच्या टॉवरवर जातो. तेथून जमिनीखालच्या, कधी समुद्राखालच्याही तारांमधून तो कंपनीच्या मोठ्या संगणकांपर्यंत पोचतो. हे संगणक दुसऱ्या शहरात, पुष्कळदा दुसऱ्या देशात असतात. तेथून तो पुन्हा तसाच मोठा प्रवास करून परत येतो आणि जेथून निघाला होता तेथून हातभर अंतरावर उतरतो. शेजारच्या घरी वाटीभर साखर द्यायची आणि ती टपालाने दिल्लीमार्गे पाठवायची, असाच हा प्रकार झाला. यात इंटरनेटचा डेटा दोनदा खर्च होतो, एकदा पाठवताना आणि एकदा घेताना. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला, तर तो वाटेत आकाराने लहान केला जातो. मोबाइलच्या पडद्यावर तो छान दिसतो, पण मोठा करून छापला की धूसर होतो.

मग टेबलावरची वस्तू टेबलावरच, तारेवाचून आणि इंटरनेटवाचूनही, देता येणार नाही का? येते. त्याचे दोन-तीन मार्ग आहेत आणि ते बहुतेक सर्व मोबाइल व संगणकांत आधीपासूनच असतात. ते कसे चालतात हे आपण समजून घेऊ या. कारण कोणते बटण दाबायचे हे पाठ करून फारसा उपयोग नसतो. मोबाइल बदलला की बटणेही बदलतात.

तारेवाचून संदेश पाठवण्याची गोष्ट नवी नाही. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी एक प्रयोग करून दाखवला होता. एका ठिकाणी त्यांनी विद्युतचुंबकीय लहरी निर्माण केल्या. त्या लहरी भिंतीतून आरपार गेल्या आणि पलीकडे ठेवलेली घंटा वाजली, दारूगोळ्याची भुकटी पेटली. मध्ये तार नव्हती. बोस यांनी वापरलेल्या लहरींची लांबी काही मिलिमीटर होती. तुमच्या मोबाइलमधून निघणाऱ्या ब्लूटूथच्या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. म्हणजे जात एकच, माप वेगळे. या लहरी सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा कंप पावतात. यालाच आपण २.४ गिगाहर्ट्झ वारंवारता म्हणतो. भारतात या पट्ट्यातील कमी शक्तीची उपकरणे वापरण्यासाठी परवाना काढण्याची अट २००५ च्या नियमांनी काढून टाकली. म्हणूनच घरात ब्लूटूथ वापरायला कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही.

आता लहरींवर स्वार होणारा प्रवासी, म्हणजे फाइल, ही काय चीज आहे ते पाहू. तुम्ही लिहिलेला उर्दू मजकूर असो, मराठी निबंध असो, फोटो असो की नात असो, संगणकाच्या लेखी सगळे सारखेच. त्याला ना अलिफ, बे कळत, ना क, ख. त्याला फक्त शून्य आणि एक हे दोनच अंक कळतात. अशा एका अंकाला बिट म्हणतात आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, मराठी डावीकडून उजवीकडे. पण हवेतून जाताना दोन्हींचे बिट एकामागून एक असेच जातात. मोबाइलने काढलेला एक साधा फोटो ४ मेगाबाइटचा धरला, तर त्यात सुमारे ३ कोटी २० लाख बिट झाले! एवढी मोठी रांग एकदम पाठवत नाहीत. तिचे लहान लहान तुकडे करतात. वाय-फायवरून जाणारा एक तुकडा साधारण १,५०० बाइटचा असतो, म्हणजे आपला फोटो सुमारे २,७०० तुकड्यांत विभागला जातो. प्रत्येक तुकड्यावर त्याचे स्थान दाखवणारा आकडा असतो आणि तो बिनचूक पोचला की नाही हे ताडून पाहण्याची खूणही असते. एखादा तुकडा वाटेत बिघडला किंवा हरवला, तर घेणारा संगणक तेवढाच तुकडा पुन्हा मागवतो. सगळे तुकडे आले, ओळीने लावले, की फोटो तयार. म्हणूनच फोटोचा अर्धा चेहरा पुसट आणि अर्धा स्पष्ट असे सहसा होत नाही. तो पोचतो तर पूर्ण पोचतो.

येथे शब्दांची एक गंमत सांगण्यासारखी आहे. तुमच्या उर्दूत ‘नक़्ल’ म्हणजे प्रत, आणि ‘नक़्लो-हमल’ म्हणजे वाहतूक. मराठीने यांतला पहिलाच अर्थ घेतला. आपण ‘नक्कल’ म्हणतो ती प्रत किंवा एखाद्याचे केलेले सोंग. फाइल पाठवण्याला आपण पाठवणे म्हणतो खरे, पण ती जागची हलत नाही. पलीकडे जाते ती तिची नक्कल. मूळ फाइल मोबाइलमध्ये जशीच्या तशी राहते. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढे त्याची फार गरज पडणार आहे. पाठवलेली चिठ्ठी परत मागता येते. दिलेली नक्कल परत घेतली तरी ती आणखी कोठे उतरवून ठेवली आहे, हे कळत नाही.

तारेवाचून फाइल देण्याचा सर्वांना माहीत असलेला मार्ग म्हणजे ब्लूटूथ. हे नाव विचित्र वाटते ना? दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड नावाचा राजा होता. त्याला ‘निळ्या दाताचा’ असे म्हणत. १९९४ मध्ये स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत तारेवाचून जवळची उपकरणे जोडण्याचे काम सुरू झाले. याप हार्टसेन हे डच अभियंते त्या कामात प्रमुख होते. पुढे इतर कंपन्याही त्यात आल्या. तेव्हा इंटेल कंपनीच्या जिम कार्डाक यांनी १९९७ मध्ये या राजाचे नाव सुचवले. हॅराल्डने विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणल्या, तसे हे तंत्र वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकत्र आणील, अशी कल्पना होती. नाव तात्पुरते होते, पण तेच चिकटले. मोबाइलवर दिसणारी ब्लूटूथची खूणही त्या राजाच्या नावातील दोन आद्याक्षरे प्राचीन लिपीत एकावर एक ठेवून केलेली आहे.

ब्लूटूथची खरी करामत नावात नाही, उड्या मारण्यात आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात नुसते ब्लूटूथच नसते. वाय-फाय असते, बिनतारी माउस असतो, आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही तेथेच गोंगाट करत असते. एवढ्या बाजारात एका जागी उभे राहून बोलले तर ऐकू कसे जाणार? म्हणून जुन्या पद्धतीचे, म्हणजे फाइल पाठवण्यासाठी वापरले जाणारे ब्लूटूथ या पट्ट्याचे ७९ भाग करते आणि सेकंदाला १,६०० पर्यंत उड्या मारत एका भागातून दुसऱ्या भागात जाते. कोणत्या क्रमाने उड्या मारायच्या हे फक्त त्या दोन उपकरणांना ठरवून माहीत असते. एखाद्या भागात फार गोंगाट आहे असे दिसले, तर तो भाग ती वगळतात. सतत जागा बदलत बोलण्याची ही युक्ती ब्लूटूथहूनही जुनी आहे. चित्रपट अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना १९४२ मध्ये अमेरिकेत अशाच एका युक्तीचे पेटंट मिळाले होते. शत्रूला पाणतीराचे बिनतारी नियंत्रण बिघडवता येऊ नये, हा त्यांचा हेतू होता.

ब्लूटूथची मर्यादा मात्र वेगाची आहे. व्यवहारात त्यावरून सेकंदाला सुमारे २० लाख बिट जातात असे धरू. चार मेगाबाइटचा फोटो मग १६ सेकंदांत जाईल. ठीक आहे. पण वार्षिक स्नेहसंमेलनातील नाटकाचे ३०० मेगाबाइटचे चित्रीकरण पाठवायचे असेल तर? ३०० ला ८ ने गुणले की २,४०० होतात, म्हणजे २४० कोटी बिट. त्याला २० लाखांनी भागा. उत्तर येते १,२०० सेकंद, म्हणजे वीस मिनिटे. तेवढा वेळ मोबाइल घेऊन कोणी बाहेर गेले की पाठवणे तुटले! सामान्य मोबाइलचे ब्लूटूथ सुमारे दहा मीटरपर्यंतच नीट पोचते, आणि मध्ये भिंत किंवा माणसांची गर्दी आली तर त्याहूनही कमी. आपल्या शरीरात पाणी पुष्कळ असते आणि या लहरी पाणी शोषून घेते.

ब्लूटूथ वापरताना पुष्कळ मुले एका जागी अडतात. मोबाइलवर फाइल निवडतात, ‘पाठवा’ म्हणतात आणि पलीकडे काहीच घडत नाही. कारण विंडोज संगणक आपणहून फाइल घेत नाही. संगणकाच्या ब्लूटूथच्या यादीत जाऊन ‘फाइल घ्यायची आहे’ असे त्याला आधी सांगावे लागते. तो दार उघडून उभा राहतो, मग फाइल आत येते. आयफोन असेल तर मात्र या मार्गाचा नाद सोडा; तो अशा पद्धतीने ब्लूटूथवरून फाइल पाठवतच नाही.

दार म्हटले की कोणाला आत घ्यायचे हा प्रश्न आलाच. दोन उपकरणे पहिल्यांदा जोडताना दोन्ही पडद्यांवर सहा अंकी आकडा दिसतो आणि ‘आकडा सारखाच आहे का?’ असे विचारले जाते. घाईत आपण न पाहताच ‘होय’ दाबतो. हा आकडा उगाच दाखवत नाहीत. समजा तुमच्या मोबाइलच्या आणि संगणकाच्या मध्ये तिसराच कोणी लपून बसला आहे. मोबाइलला तो म्हणतो, ‘मीच संगणक’. संगणकाला म्हणतो, ‘मीच मोबाइल’. दोघेही फसतील आणि सगळ्या फाइली त्याच्या हातातून जातील. पण सहा अंकी आकडा दोन्ही उपकरणांनी एकमेकांना दिलेल्या माहितीवरून गणित करून काढलेला असतो. मध्ये तिसरा असेल तर दोन्हींकडची गणिते वेगळी होतात आणि आकडे जुळत नाहीत. सहा अंकांचे दहा लाख आकडे होतात, त्यामुळे ते योगायोगाने जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक. एवढा पक्का पहारा आहे, पण तो तुमच्या डोळ्यांवर अवलंबून आहे. तुम्ही पाहिलेच नाही, तर पहारेकरी असून नसल्यासारखाच.

‘होय’ हे बटण किती महाग पडू शकते याचे खरे उदाहरण आहे. २००४ मध्ये ‘कॅबिर’ नावाचा एक उपद्रवी प्रोग्राम सापडला. तो त्या काळच्या सिंबियन प्रणालीच्या मोबाइलमध्ये शिरून ब्लूटूथवरून जवळच्या दुसऱ्या मोबाइलकडे स्वतःची नक्कल पाठवत असे. गंमत अशी, की तो चोरून शिरत नव्हता. समोरच्या मोबाइलवर रीतसर प्रश्न येई, ‘फाइल घ्यायची का?’ ‘नाही’ म्हटले तर पुन्हा तोच प्रश्न. जवळ उभे असेपर्यंत पुन्हा पुन्हा तोच प्रश्न. शेवटी कंटाळून माणूस ‘होय’ दाबे आणि त्याचा मोबाइल दुसऱ्यांना तोच प्रश्न विचारू लागे. ऑगस्ट २००५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी येथे जागतिक मैदानी स्पर्धा चालू असताना क्रीडागारातील गर्दीत तो पसरला होता. हजारो माणसे खांद्याला खांदा लावून बसलेली, त्याला आणखी काय हवे? कॅबिरने फारसे नुकसान केले नाही. तो मुख्यतः बॅटरी खाई. आजच्या मोबाइलांवर तो चालतही नाही. परंतु ज्या युक्तीने तो पसरला ती जुनी झालेली नाही. न मागितलेली फाइल आली तर ‘नाही’ म्हणा, आणि तरीही ती येतच राहिली तर ब्लूटूथ बंद करा.

आता वाय-फायकडे वळू. येथे एक मोठा गैरसमज आहे. पुष्कळांना वाटते, वाय-फाय म्हणजेच इंटरनेट. तसे नाही. वाय-फाय ही घरातली गल्ली आहे आणि इंटरनेट हा बाहेरचा हमरस्ता. राउटर हा गल्लीच्या तोंडाशी बसलेला असतो. हमरस्ता बंद असला तरी गल्लीतल्या गल्लीत या घरातून त्या घरात जाता येतेच. इंटरनेटचे बिल भरले नाही म्हणून सेवा बंद झाली, तरी त्याच राउटरला जोडलेला मोबाइल आणि संगणक एकमेकांना फाइली देऊ शकतात. आणि राउटर नसेल तर? मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा आणि संगणक त्याला जोडा. झाली गल्ली तयार. पुष्कळ मोबाइलांत इंटरनेटचा डेटा बंद ठेवूनही हॉटस्पॉट चालतो आणि फाइली पाठवताना तो बंदच ठेवावा हे बरे. नाहीतर हॉटस्पॉट मिळाल्याचे पाहून संगणक गुपचूप आपल्या दुरुस्त्या उतरवून घेऊ लागतो आणि दिवसभराचा डेटा तासाभरात संपतो.

गल्लीतल्या प्रत्येक उपकरणाला राउटर एक पत्ता देतो. तो १९२.१६८.१.५ असा काहीसा असतो. तुम्ही म्हणाल, हाच पत्ता तर माझ्या मामूंच्या घरच्या संगणकाचाही आहे! असू शकतो. खोली क्रमांक पाच प्रत्येक चाळीत असते ना? चाळीच्या आत तेवढे पुरते. असे काही पत्ते केवळ आतल्या वापरासाठी राखून ठेवलेले आहेत आणि बाहेरच्या हमरस्त्यावर ते चालत नाहीत. त्यामुळे घरातल्या वाय-फायवर दिलेली फाइल घरातच राहते.

या पत्त्याच्या आधारे फाइल देण्याची एक जुनी रीत आहे आणि तिच्यामागे एका भारतीयाचे नाव आहे. अभय भूषण यांचा जन्म अलाहाबादचा. कानपूरच्या आय.आय.टी.च्या पहिल्या तुकडीचे ते विद्यार्थी. पुढे ते अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेत गेले. तेव्हा इंटरनेटचा पूर्वज असलेले अर्पानेट नुकतेच उभे राहत होते. एका संगणकावरची फाइल दुसऱ्या, वेगळ्याच बनावटीच्या संगणकावर कशी न्यायची, याचे नियम भूषण यांनी १६ एप्रिल १९७१ रोजी प्रसिद्ध केले. त्या नियमांना एफ.टी.पी. म्हणतात. तेव्हा संगणक खोलीएवढे असत. आज मोबाइलमधील फाइली दाखवणाऱ्या अनेक अ‍ॅपांत हीच सोय असते. ती चालू केली की मोबाइल एक पत्ता दाखवतो. संगणकाच्या फाइल एक्सप्लोररमध्ये तो पत्ता लिहिला की मोबाइलचे कप्पे संगणकाच्या पडद्यावर उघडतात. पन्नास वर्षांपूर्वीचे नियम, आणि अजून त्यांच्यावर काम भागते!

मात्र हे नियम ज्या काळी झाले, त्या काळी संगणक वापरणारी माणसे थोडी आणि एकमेकांच्या ओळखीची होती. म्हणून मूळ एफ.टी.पी.ला कुलूप नाही. परवलीचा शब्दसुद्धा त्यात उघडाच जातो, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. याच कारणाने क्रोम आणि फायरफॉक्स यांनी २०२१ मध्ये ही सोय काढून टाकली. घरच्या वाय-फायवर, घरच्याच माणसांमध्ये ही रीत चालेल. रेल्वे स्थानकावरच्या किंवा उपाहारगृहातल्या वाय-फायवर ती वापरू नये. तशा ठिकाणी बहुधा ती चालणारही नाही, कारण जाणते चालक आपल्या राउटरवर एका ग्राहकाचे उपकरण दुसऱ्याला दिसणार नाही अशी भिंत घालतात. कित्येक शाळांतही अशी भिंत असते. मोबाइल आणि संगणक एकाच वाय-फायवर असूनही एकमेकांना दिसत नसतील, तर यंत्र बिघडले असे समजू नका. आधी शिक्षकांना त्या भिंतीविषयी विचारा.

वेगाचा हिशोब येथेही करू. घरच्या वाय-फायवरून प्रत्यक्षात सेकंदाला ५ कोटी बिट जात आहेत असे धरले, तर नाटकाचे तेच चित्रीकरण ४८ सेकंदांत जाते. कोठे वीस मिनिटे आणि कोठे पाऊण मिनिट!

यापेक्षा सोपी रीत म्हणजे दोन्ही मार्ग एकत्र करणे. अ‍ॅपल कंपनीने २०११ मध्ये आपल्या उपकरणांसाठी एअरड्रॉप आणले, आणि अँड्रॉइड मोबाइलांत आज क्विक शेअर असते; ते विंडोज संगणकावरही बसवता येते. यांची कामाची पद्धत शहाणपणाची आहे. आधी ब्लूटूथवरून ‘जवळपास कोण आहे?’ अशी हळूच हाक द्यायची, कारण त्याला बॅटरी कमी लागते. ओळख पटली की जड फाइल वाय-फायच्या वेगवान वाटेने पाठवायची. बटणे दोनच दाबावी लागतात. मोबाइल एका कंपनीचा आणि संगणक दुसऱ्या प्रणालीचा असेल, तर लोकलसेंड नावाचे मोफत आणि मुक्त स्रोत अ‍ॅप सर्वांवर चालते. ते फाइल कुलूपबंद करून पाठवते. एकेकाळी आपल्याकडे या कामासाठी शेअर-इट आणि झेंडर ही अ‍ॅपे घरोघरी होती. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपांत ही दोन्ही होती. अजूनही एखादा भाऊ किंवा दोस्त त्यांची जुनी फाइल कोठून तरी आणून देतो. ती घेऊ नये. बंदीची गोष्ट बाजूला ठेवली, तरी अनोळखी ठिकाणाहून आलेल्या अ‍ॅपमध्ये कोणी काय मिसळले आहे हे सांगता येत नाही.

क्विक शेअर किंवा एअरड्रॉपमध्ये ‘मला कोण पाहू शकेल?’ असा एक प्रश्न असतो. तेथे ‘सर्वजण’ हे उत्तर कायमचे ठेवू नका. बसमध्ये शेजारी बसलेला अनोळखी माणूसही मग तुम्हाला वाटेल ते चित्र पाठवू शकतो, आणि मुलींना याचा त्रास झाल्याच्या तक्रारी अनेक देशांत झाल्या आहेत. दहा मिनिटांपुरते उघडे राहण्याची सोय असते. तेवढी पुरते.

फाइल नीट पोचली तरी ती उघडेलच असे नाही. उर्दू माध्यमाच्या शाळांना हा अनुभव चांगला ठाऊक असेल. उर्दूचा मजकूर नस्तालिक वळणात जुळवण्यासाठी १९९४ पासून इनपेज हे सॉफ्टवेअर वापरात आहे. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत अक्षरांचे आकडे जगाने मान्य केलेल्या युनिकोडप्रमाणे नव्हते, स्वतःचे वेगळे होते. अशी फाइल इनपेज नसलेल्या संगणकावर नेली, की उर्दूच्या जागी अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. मुले म्हणतात, वाटेत फाइल बिघडली. ती बिघडलेली नसते. एकूण एक बिट पोचलेला असतो, पण त्यांचा अर्थ सांगणारा तेथे कोणी नसतो. म्हणून दुसऱ्याच्या संगणकावर छापायला न्यायची उर्दू फाइल आधी पी.डी.एफ. करून घ्यावी. त्यात अक्षरांची रूपेही बरोबर बांधून नेता येतात. पुढे मजकुरात बदल करायचा असेल तर मूळ फाइलही जपून ठेवावी, कारण पी.डी.एफ.मध्ये दुरुस्ती करणे त्रासाचे असते.

आणि दुसऱ्याचा संगणक म्हटला, की झेरॉक्सचे दुकान आलेच. दहावीनंतर प्रवेशाच्या दिवसांत तेथे रांग लागते. गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, सगळे मोबाइलमध्ये असते आणि छापायचे असते. दुकानदार भिंतीवर लिहिलेला नंबर दाखवतो, ‘यावर पाठवा.’ आपण पाठवतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश वाटेत कोणी वाचू शकत नाही हे खरे. पण तो पोचतो कोठे? दुकानाच्या मोबाइलमध्ये. तुमचे दस्तऐवज आणि तुमच्या घरचा फोन नंबर असे दोन्ही तेथे जोडीने राहते. दुकानदार भला माणूस असेल, बहुतेक असतातच. पण त्या मोबाइलला रोज किती हात लागतात हे त्यालाही सांगता येणार नाही. आठवते ना, दिलेली फाइल ही नक्कल असते.

अशा ठिकाणी क्विक शेअर किंवा ब्लूटूथने थेट संगणकावर फाइल देता येते का, हे विचारायला संकोचू नका. निदान फोन नंबर तरी आपल्याजवळ राहतो. आधारची प्रत द्यायची असेल आणि पूर्ण क्रमांकाची गरज नसेल, तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून मिळते, ती द्या. फोटो थेट दिला तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोबाइलमधल्या मूळ फोटोत तो कधी काढला आणि मोबाइलमध्ये ठिकाणाची सोय चालू असेल तर कोठे काढला, हेही लिहिलेले असते. घरी काढलेल्या फोटोत घराचा ठावठिकाणा असू शकतो. कॅमेऱ्याच्या यादीत ती सोय बंद करता येते.

छपाई झाली, पैसे दिले, की लगेच निघू नका. ‘भाईसाहेब, फाइल पुसून टाका ना,’ एवढे सरळ सांगा. क्विक शेअरने आलेली फाइल बहुधा डाउनलोडच्या कप्प्यात असते. ती तेथून पुसली की रिसायकल बिनमध्ये जाऊन पडते, म्हणून तेथूनही ती काढायला सांगा. ब्लूटूथने जोडले असेल तर आपल्या मोबाइलच्या यादीतून त्या संगणकाचे नाव काढून टाका. या सगळ्याला मिनिटभर लागतो, आणि मागे रांगेत उभ्या असलेल्यांना तो थोडा मोठा वाटेल.